बारा बाण, एका मापाचे

आमच्या घरात थोडंफार खोटं चालून जायचं. चुकलेलं माप चालायचं नाही. अण्णा, म्हणजे माझे वडील, वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत टूलरूमला होते. टूलरूम म्हणजे कारखान्यातली ती खोली, जिथे बाकीच्या यंत्रांना लागणारे साचे आणि हत्यारं घडतात, आणि जिथली माणसं उरलेल्या कारखान्याला अडाणी समजतात. अण्णा ही समजूत रोज संध्याकाळी डोंबिवलीला घरी घेऊन यायचे. त्यांचा स्वतःचा मायक्रोमीटर होता. केसाची जाडी मोजणारं ते हत्यार लाकडी पेटीत, हिरव्या फ्लॅनेलवर निजलेलं असे, आणि पेटीची जागा देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर होती. आईने वाहिलेलं एखादं फूल घरंगळून पेटीवर पडलं तर ती ते उचलत नसे. दोन्ही देव एकाच घरातले, असा तिचा हिशेब असावा. सणाला पुरणपोळी झाली की अण्णा पहिली पोळी चिमटीत धरून फिरवत आणि म्हणत, "कडेला जाड आहे." आई म्हणायची, "हे लाटणं आहे, यंत्र नाही. खायची तर खा." मग अण्णा खायचे. चार खायचे, पण मत बदलायचे नाहीत.

दोन खोल्यांचं घर. पहाटे पाण्याची मोटर, मग स्टोव्हचा घोरल्यासारखा आवाज, मग अण्णांची कानस. त्यांना कानस चालवल्याशिवाय रविवार घालवता येत नसे. दाराची कडी, किसणी, शेजारच्या जोशीकाकूंचा अडकित्ता, काहीही चालायचं. रविवारी वालाचं बिरडं आणि एखाद्या पावसाळी दिवशी सोड्यांची खिचडी. या सगळ्या वासा-आवाजांत मी वाढले, आणि एक दिवस कंपनीला टाळं लागलं. कुणाचं चुकलं, कुणी काय मागितलं, हे मी इथे लिहीत नाही. मला तेव्हाही कळलं नव्हतं. अण्णा कॅलेंडरखालच्या भिंतीला पाठ लावून बसले ते बसलेच. आईने साड्यांना फॉल लावायचं काम घरी आणलं. अण्णांनी कानस बंद केली. पोळीबद्दल बोलणं बंद केलं. आईने एकदा मुद्दाम जाडजूड, एका बाजूने कच्ची अशी पोळी त्यांच्या ताटात वाढली. त्यांनी ती मुकाट खाल्ली आणि पाणी प्यायले. तेव्हा आई पहिल्यांदा घाबरली. असे आठ महिने गेले.

मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. या समजुतीला आधार काय होता, हे आज पुष्कळ आठवून पाहते, पण सापडत नाही. एवढं मात्र मला कळलं होतं की घरात पगार यायला हवा, आणि खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी कचेरीत कारकुनाची जागा मिळते. त्यासाठी राज्य पातळीवर खेळल्याचा कागद लागायचा. मी आमच्या व्यायामशिक्षकांकडे, साळवी सरांकडे गेले आणि ज्यात पळावं लागत नाही असा खेळ कोणता, अशी चौकशी केली. सर म्हणाले, बुद्धिबळ. पण बुद्धिबळाला आधीच अकरा मुली होत्या. त्याखालोखाल उभं राहण्याचा खेळ म्हणजे धनुर्विद्या. तिला मुलींमध्ये कुणीच नव्हतं, त्यामुळे नाव घातलं त्या क्षणी मी कॉलेजात पहिली आले. पुढे जिल्ह्याची निवड चाचणी होती, ठाण्यात. त्यातून चौघी राज्य स्पर्धेला जाणार होत्या. माझी नात परवा तिच्या मैत्रिणींना सांगत होती की आमची आजी तिरंदाज होती. मी तिला थांबवलं नाही. बाण मी सोडायची हे खरंच आहे. तो कुठे जायचा हा वेगळा विषय.

सरांकडचं धनुष्य माझ्याच्याने ओढवेना, म्हणून त्यांनी मला खडवलीला धाडलं. स्टेशनपासून नदीच्या काठाने अर्धा तास चाललं की ठाकर आदिवासींची वाडी लागायची. तिथे बुधा राहायचा. धनुष्य करणारा त्या भागात तोच. शिकारीला बंदी होती आणि बुधा कायदा पाळणारा माणूस होता. त्याच्या चुलीवर कधी ससा शिजत असला तर तो आपणहून घरात आलेला असायचा. बुधा अण्णांहून दहा-बारा वर्षांनी तरी मोठा, डोकं पांढरंशुभ्र. पण आम्ही सगळे त्याला 'अरे बुधा' म्हणायचो. आमचं शिक्षण झालेलं होतं ना.

त्याने माझ्यासाठी बांबूचं हलकं धनुष्य घडवलं. ते घडवताना मी समोर बसून होते, आणि खरं सांगायचं तर कंटाळले होते. तो धनुष्य थोडं ओढायचा, दोन्ही हात सारखे वाकतात का बघायचा, जो हात हट्टी असेल तो आतल्या बाजूने काचेच्या तुकड्याने खरवडायचा, पुन्हा ओढायचा. धनुष्याच्या दोन्ही बाजूंना तो हातच म्हणायचा. मग दोरी. दोरीला पीळ जास्त दिला की ती आखूड होते आणि धनुष्यापासून लांब राहते; कमी दिला की जवळ येते आणि सोडताना मनगटावर फटका मारते. किती पीळ द्यायचा हे तो दोरी छेडून कानाने ठरवायचा. दोन पीळ दे, ऐक, एक काढ, ऐक. मला सगळे आवाज सारखेच वाटत होते. मी मान डोलवत होते.

बाणांना त्याने त्याहून जास्त वेळ घेतला. चिव्याच्या काठ्या, म्हणजे बोटापेक्षा बारीक बांबूच्या, त्याच्या चुलीवरच्या माळ्यावर वर्षभर धूर खात पडलेल्या असत. त्यातल्या साठ-सत्तर त्याने खाली काढल्या. एकेक काठी दोन्ही टोकांना धरायची, मधोमध गुडघ्यावर टेकवून जराशी दाबायची, डोळे मिटायचे, आणि बाजूला ठेवायची. कुठली काठी कुठल्या ढिगात जाते याला मला काही नियम दिसेना. मी विचारलं तेव्हा त्याने सांगितलं की बाण सुटतो तेव्हा सरळ जात नाही, माशासारखा वळवळत धनुष्याला वळसा घालून जातो. ताठ काठी कमी वळते आणि डावीकडे जाते, मऊ काठी जास्त वळते आणि उजवीकडे. बारा काठ्या सारख्या वळवळल्या पाहिजेत, मग त्या दिसायला कशाही असोत. असं म्हणून त्याने मला बारा काठ्या दिल्या, ज्या दिसायला खरोखरच कशाही होत्या. एक जाड, एक बारीक, पेरांशी गाठी आलेल्या, धुराने काळवंडलेल्या. गाठी जेवढ्या टोचतील तेवढ्या घास, म्हणाला, "पन साल सोडवू नको, पोरी. सालीत जोर हाय." मी बरं म्हटलं. गाडीत बसेपर्यंत विसरलेही. विसरले हे तितकंसं खरं नाही. ज्याच्या घरात साधी फूटपट्टी नाही त्याचं कितपत मनावर घ्यायचं, असा माझा विचार होता.

काठ्या मी घरी कोपऱ्यात उभ्या केल्या. संध्याकाळी आई भात वाढत होती आणि भिंतीपाशी बसलेल्या अण्णांचं लक्ष तिकडे गेलं. बराच वेळ ते बघत राहिले. मग उठले, आठ महिन्यांत जेवायला आणि बाथरूमला सोडून पहिल्यांदा उठले, देव्हाऱ्याखालची पेटी काढली आणि एकेक काठी मोजू लागले. आईचा हात भातावर तसाच थांबला. अण्णा म्हणाले, "बारा नगांत एक नग दुसऱ्यासारखा नाही. हे कुणी पास केलं?" माझ्या तोंडावर आलं होतं की काठीचं साल काढायचं नसतं. पण अण्णांच्या आवाजात टूलरूम परत आली होती, आणि शिवाय मलाही ते पटत होतं. बारा बाण सारखे हवेत, तर ते मोजून सारखे करावेत, यात काय चूक? मी म्हटलं, आदिवासी माणूस आहे अण्णा, अंदाजे करतो.

हे वाक्य लिहिताना मी जरा थांबले होते. पण बोलले होते तसंच लिहिलं.

पुढचे पंधरा दिवस आमच्या घराचा कारखाना झाला. अण्णांनी आईचा जुना पोळपाट मागून घेतला, त्यात सरळ खाच पाडली, खाचेत काठी ठेवून वरून पॉलिशपेपर फिरवायचं यंत्र तयार केलं. सकाळी अंघोळ करून, दाढी करून, कंपनीचा निळा शर्ट घालून ते पोळपाटाशी बसायचे. दुपारी एक ते दीड जेवणाची सुट्टी. काठीमागून काठी आठ मिलिमीटरवर आली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, केसाचाही फरक नाही. काळपट साल उतरून आतला दुधासारखा बांबू दिसू लागला. पिसांसाठी मी शीळफाट्याच्या कोंबडीवाल्याकडे जाऊन कोंबड्याच्या फक्त डाव्या पंखाची पिसं मागितली, कारण एका बाणाला एकाच बाजूची पिसं लागतात हे बुधाचं वाक्य मात्र मी लक्षात ठेवलं होतं. कोंबडीवाल्याने मला नीट न्याहाळलं आणि उजव्या पंखाचं काय करायचं असं विचारलं. लोखंडी टोकं अण्णांनी कानसली, लाखेने बसवली, आणि बाराही बाण सराफाकडे नेऊन सोन्याच्या तराजूत तोलून आणले. मग काळ्या रंगात एक ते बारा आकडे घातले. जोशीकाकू बघायला आल्या, वरच्या मजल्यावरचे लोक आले. अण्णा प्रत्येकाला मायक्रोमीटर लावून दाखवत होते. रात्री जेवताना ते आईला म्हणाले, पोळी कडेला जाड आहे. आईने पदराने डोळे पुसले आणि कांदा चिरत होते म्हणाली. कांदा त्या दिवशी घरात नव्हता.

बाण दिसायला इतके सुरेख होते की मैदानावर साळवी सरांनी ते हातात घेऊन दोनदा फिरवले. मग मी ते सोडले. पहिला बाण डावीकडे गेला, दुसरा उजवीकडे, तिसरा चांगला मध्यभागी लागला आणि चौथा निशाणाच्या मागच्या बाभळीत. सर म्हणाले, तुझं कोपर हलतंय. मी कोपर बांधून ठेवल्यासारखं केलं. बाण चहूकडे गेले. सर म्हणाले, श्वास. मी आठवडाभर श्वास सुधारला. अण्णा रोज संध्याकाळी विचारायचे, कसे जातात? मी सांगायची, एकदम सरळ. हे थोडंफार खोटं होतं आणि आमच्या घरात ते चालून गेलं.

चाचणीला आठ दिवस राहिले तेव्हा मी खडवलीला गेले. बुधाला जाब विचारायला गेले होते, हे सांगायलाच हवं. माझी खात्री झाली होती की धनुष्य खराब आहे. बुधा अंगणात जाळं विणत होता. मी धनुष्य पुढे केलं. त्याने ते घेतलं नाही. बाण मागितले. एक हातात घेतला, बोट फिरवलं, आणि मग माझ्याकडे असं बघितलं जसं डॉक्टर पेशंटला सोडून त्याच्या नातेवाईकाकडे बघतो.

"ही कुनी सोलली?"

मी म्हटलं, वडिलांनी. मोजून, सगळे एका मापाचे. बुधाने विचारलं, तुझा बाप काय काम करतो? मी सांगितलं. त्याने जाळ्याची हातातली गाठ पुरी केली आणि म्हणाला, हात चांगला हाय त्याचा. मग गुडघ्यावर एकेक बाण दाबायला बसला. एका काठीचं साल जाड असतं, एकीचं पातळ. आठ मिलिमीटरला आणताना कुणाचं सगळं गेलं होतं, कुणाचं अर्धं राहिलं होतं. बाहेरून बारा बाण जुळ्या भावंडांसारखे आणि आत बारा तऱ्हा. त्याने ढीग केले. दोन, तीन, दोन, आणि एक पाचांचा. पाचांच्या ढिगावर हात ठेवून म्हणाला की ह्या बांबूच्या एका बेटातल्या काठ्या, सारख्या मऊ झाल्यात. अंगणाच्या टोकाला पेंढ्याचा भारा होता. त्याने मला ते पाच सोडायला लावले. पाचही बाण भाऱ्याच्या उजव्या कडेला, एका वितीच्या आत जाऊन रुतले. मी म्हटलं, हे पण चुकलेच. बुधा म्हणाला, "पाची एकाच जागी चुकतात, म्हंजे बराबर हायत. आता जागा बदल." माझे हात आखूड, बाण पुढे चार बोटं बाहेर राहायचा. टोकाकडून एक बोट काप, म्हणाला. आखूड काठी ताठ होते, ताठ झाली की डावीकडे सरकते. नवीन बाण देशील का, असं मी विचारलं. जुळणारी सुकी काठी आता माळ्यावर नव्हती. पुढच्या वर्षी ये, म्हणाला. कोयता आणायला तो उठला तेव्हा मी बाराही बाण गोळा करून छातीशी धरले आणि निघाले. अण्णांच्या बाणावर कोयता.

घरी अण्णा खाली नळावर गेले होते. मी आईला स्वयंपाकघरात सगळं सांगितलं. सात बाण कुचकामी आहेत, पाच चालतील, पण ते कापावे लागतील. आणि ते कापायचे तर अण्णांना सांगावं लागेल की त्यांनी मोजून मोजून चांगल्या काठ्या बिघडवल्या, आणि मला आधीच बजावलेलं असून मी तोंड उघडलं नाही. आई वाल सोलत होती. तिने बोटं थांबवली नाहीत. पगार येणार म्हणून माझ्याहून जास्त आस तिलाच होती. फॉल लावून लावून तिचे डोळे लाल व्हायचे. ती म्हणाली, "सांगू नकोस, सुमे. नोकरी पुढच्या वर्षी लागेल. माणूस परत भिंतीला टेकला तर मला उठवता येणार नाही."

मग मी एक योजना आखली. माझ्या त्या वयातल्या सगळ्या योजनांसारखीच ती फार बारकाईने आखलेली होती आणि तिच्यात एक मोठं भोक होतं. बाराही बाण भात्यात घालून न्यायचे, पण सोडायचे ते पाचच. दर फेरीला तीन बाण लागतात, पाच पुरे. पाचही उजवीकडे जातात, तर आपण डावीकडे नेम धरायचा. कापायचं काही नाही, सांगायचं काही नाही. भोक असं की अण्णा चाचणी बघायला येणार होते.

ठाण्याच्या मैदानावर ते निळा शर्ट घालून, एका पुठ्ठ्याला कागद लावून, कानावर पेन्सिल अडकवून माझ्या मागे दोरीपलीकडे उभे राहिले. सकाळी सहा फेऱ्या होत्या. डावीकडे नेम धरणं मला वाटलं होतं तेवढं सोपं नव्हतं. डोळा आपोआप मध्यावर जायचा आणि हात डोळ्याचं ऐकायचा. कधी बाण मध्याजवळ लागायचा, बहुतेक वेळा उजव्या कडेला. सहा फेऱ्या संपल्या तेव्हा चौदा मुलींत मी नववी होते. जेवणाच्या सुट्टीत अण्णा आले. त्यांनी डबा उघडला नाही, कागद उघडला. अठरा बाण, प्रत्येकाचा नंबर आणि प्रत्येक कुठे लागला त्याचा ठिपका. इन्स्पेक्शनचा कागद भरावा तसा त्यांनी तो भरला होता.

"दोन, पाच, सहा, नऊ, अकरा," ते म्हणाले. "बाकीचे सात का काढत नाहीस?"

मी म्हटलं, ते दुपारसाठी ठेवलेत. अण्णांनी भात्यातून सात नंबरचा उपसला, दुसऱ्या हातात नऊ नंबरचा घेतला, आणि एकेक करून दोन्ही गुडघ्यावर टेकवून दाबले. त्यांना हे कुणी शिकवलं नव्हतं. चाळीस वर्षं लोखंड हाताळलेला माणूस. काय विचारायचं ते कळलं की त्याच्या हातांना उत्तर येत होतं. तीन नंबर घेतला. बारा घेतला. सगळे बारा झाले. मग ते मैदानाच्या कट्ट्यावर बसले, आणि त्यांची पाठ मागच्या भिंतीला टेकली. मी तेव्हा आयुष्यात जेवढी घाबरले तेवढी नंतर बाळंतपणातही घाबरले नाही.

"साल," ते म्हणाले. "साल काढायला नको होतं."

मी सगळं सांगून टाकलं. बुधाने बजावलं होतं, मी बोलले नाही, मला वाटलं मायक्रोमीटर जास्त शहाणा. आईचं बोलणं तेवढं गाळलं. अण्णा ऐकत होते, पण माझ्याकडे बघत नव्हते. कागदाकडे बघत होते. मग त्यांनी पेन्सिलीने उजव्या कडेच्या ठिपक्यांभोवती एक गोल काढला. पाच बाण एकाच जागी जातात, म्हणजे बाण पास आहेत, ते म्हणाले, सेटिंग चुकलंय. त्या माणसाने यावर काय उपाय सांगितला?

"एक बोट कापायचं. टोकाकडून."

"बोट म्हणजे किती?"

मी म्हटलं, बोट म्हणजे बोट. अण्णांच्या चेहऱ्यावर मी इतकी वेदना कंपनीला टाळं लागलं तेव्हाही पाहिली नव्हती. "कुणाचं बोट?" त्यांनी विचारलं. बुधाचं जाड, माझं बारीक, त्यांचं स्वतःचं पहिलं पेर यंत्रात चेपलेलं. मैदानावर पुढची फेरी वीस मिनिटांवर आली होती. अण्णा उठले. भिंतीपासून पाठ सुटली ती मी पाहिली. खिशातून त्यांनी हॅकसॉच्या पात्याचा तुकडा काढला, एका बाजूला चिकटपट्टी गुंडाळलेला. असा तुकडा त्यांच्या खिशात नाही असं मी कधी पाहिलं नाही, लग्नाच्या फोटोतसुद्धा असणार. फाटकाबाहेर चहाची टपरी होती. स्टोव्हच्या धगीवर एकेक टोक धरून त्यांनी लाख वितळवली, टोकं ओढून काढली, माझा हात धरून माझं बोट काठीवर आडवं ठेवलं, त्याच्या शेजारी स्वतःचं ठेवलं, दोन्हींच्या मधोमध नखाने खूण केली, आणि डोळे बारीक करून पातं चालवलं. पाच वेळा. मायक्रोमीटर घरी होता. चहावाल्याने विचारलं, काका, पूजेचं आहे का काही? अण्णा म्हणाले, हो, तसंच. आणि गरम टोकं परत बसवून बाण पाण्याच्या पिंपात बुडवले.

दुपारी मी मध्यावर नेम धरला आणि बाण मध्यावर गेले. सगळे नाही, माझं कोपर खरोखरच हलत होतं. पण जे चुकले ते माझ्यामुळे चुकले, आणि कधी कोपरामुळे आणि कधी बाणामुळे हे आता कळत होतं. दुपारच्या सहा फेऱ्यांत माझे गुण मैदानात दुसऱ्या नंबरचे होते. सकाळ-दुपार मिळून मी पाचवी आले. जाणार होत्या चौघी. साळवी सर म्हणाले, पुढच्या वर्षी. मला चौथ्या मुलीचा इतका राग आला की तिचा चेहरा मला अजून आठवतो. बिचारीने माझं काहीच केलं नव्हतं.

घरी आईने आमच्याकडे बघितलं आणि निकाल विचारला नाही. तिने अण्णा कुठे बसतात ते बघितलं. अण्णा कॅलेंडरखाली गेले. ते तिथे उभे राहिले, कॅलेंडरवर तारीख बघितली आणि मला विचारलं, खडवलीला जायला रविवारी पहिली गाडी किती वाजता आहे.

रविवारी आम्ही गेलो. मला वाटत होतं की मी दोघांच्या मध्ये बसून दोघांना समजावून सांगेन. मनात काही वाक्यंही तयार केली होती. अण्णांनी पायऱ्यांवर चपला काढल्या, पेटी उघडली आणि बुधाला सांगितलं, बोट दाखवा. बुधाने ज्योतिषाकडे द्यावा तसा हात पुढे केला. अण्णांनी मधल्या पेराशी मोजलं, साडेअठरा, आणि कागदावर लिहून घेतलं. मग पेटी बंद करून बाजूला ठेवली आणि दोन्ही हात रिकामे पुढे धरले. बुधाने माळ्यावरून ओल्या-सुक्या काठ्यांचा भारा खाली ओढला. त्यातल्या बारा त्याने गुडघ्यावर तपासून अण्णांपुढे ठेवल्या आणि ढीग करायला सांगितलं. अण्णांनी डोळे उघडे ठेवून ढीग केले. बुधाने मान हलवली आणि सगळ्या काठ्या एकत्र केल्या. अण्णांनी पुन्हा केले. बुधाने पुन्हा मोडले. बुधाची बायको मला म्हणाली, बसलीस काय, पानी आन. मी नदीवरून हंडा घेऊन आले तरी ते दोघे तिथेच. उन्हं अंगणात उतरली होती, मला भूक लागली होती, आणि मी कोण, कशाला आले, धनुष्य कुणाचं, हे कुणालाही आठवत नव्हतं.

तिसऱ्या खेपेला अण्णांनी डोळे मिटले. एकेक काठी गुडघ्यावर घेत, दाबत, थांबत, बाजूला ठेवत गेले. त्यांच्या कपाळावर घाम आला होता. संपल्यावर बुधाने ढिगांवरून हात फिरवला, इकडची एक तिकडे केली, तिकडची इकडे, असं पाच वेळा.

"सात बराबर," तो म्हणाला. "पहिल्या दिशी लय झाली."

"बारात पाच रिजेक्ट," अण्णा म्हणाले. त्यांनी सगळे ढीग स्वतःच्या हाताने मोडले, काठ्या गोळा केल्या आणि बुधापुढे धरल्या. "बुधाबाबा, परत मिसळा."